आठवड्याचं पान (१ ते ७ जून) : एक जूनवाल्यांना शुभेच्छा!



जून उजाडला. गोवा-मंगळूरकडच्या वाचकांच्या दारात छत्र्या वाळत असतील, तर इंदूर-भोपाळचे वाचक अजून कूलरसमोरून उठायला तयार नसतील. कुठेही असलात तरी घरात एक गडबड सारखीच असणार. शाळेचे फॉर्म, वह्यांना कव्हरं आणि कुठल्यातरी फाईलमधून ऐनवेळी शोधायचा मुलांचा जन्मदाखला!

नेहमीप्रमाणे या आठवड्यातले वाढदिवस आणि ऐतिहासिक दिवस घेऊन आले आहे. पण यंदा सुरुवात घरापासून करते.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १ जूनला सकाळी सहापासून केकची चित्रं यायला लागतात. त्या दिवशी आमच्याकडे एक नाही, तीन वाढदिवस असतात. आत्याचा, मोठ्या काकांचा आणि मावशीच्या सासऱ्यांचा. तिघांचाही कागदावरचा वाढदिवस एक जून. तिघांपैकी एकाचाही जन्म एक जूनला झालेला नाही!

तुमच्याही घरात असा कुणी 'एक जूनवाला' असेलच. नसेल तर शेजारी विचारून बघा.

१ जून : मास्तरांनी दिलेला वाढदिवस

हे असं का झालं, ते साठीच्या पुढच्या वाचकांना सांगायला नको. नातवंडांसाठी सांगते. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आईबाप पोराला हाताला धरून शाळेत न्यायचे. जन्मदाखला वगैरे नसायचाच. मास्तर विचारायचे, "कधीचा जन्म?" उत्तर यायचं, "पोळ्याच्या आदल्या दिवशी", "मोठा पूर आला त्या साली", "आमची पांढरी गाय व्याली तेव्हा." मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला, म्हणजे पोर शाळेत बसायच्या वयाचं झालं. त्या वयाच्या हिशेबानं मागचं साल काढायचं आणि तारीख टाकायची एक जून. शाळा सुरू होताना वय पूर्ण दिसलं की काम झालं.

उत्तरेकडे शाळा जुलैत उघडायच्या. म्हणून मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातल्या आपल्या वाचकांना आसपास 'एक जुलैवाले' सापडतील. पद्धत तीच, फक्त महिना वेगळा.

आमची आत्या नगर-पुणे रस्त्यावरच्या एका खेड्यात जन्मली. आजीला तिचं साल पक्कं आठवायचं, कारण त्याच वर्षी गावावरून पहिली एसटी गेली होती. गावातल्या बायका हळदकुंकवाचं ताट घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या, असं आजी सांगायची. एसटी सुरू झाली १ जून १९४८ ला. मास्तरांनी आत्याच्या नावापुढे नेमकी तीच तारीख लिहिली, अर्थात एसटीसाठी नाही, सवयीनं. तेव्हापासून घरात तिला 'एसटीची जुळी बहीण' म्हणतात.

ती पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. नगरचं नाव आता अहिल्यानगर आहे. गाडी बेडफर्ड कंपनीची, तीस आसनांची. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. तेव्हा महाराष्ट्र राज्य झालं नव्हतं, म्हणून सेवा मुंबई राज्याच्या नावानं सुरू झाली. तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुली, बाजाराला निघालेली माणसं, बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकी, सगळ्यांना पुढे याच लाल डब्यानं वाहिलं.

आणखी एका गाडीचा वाढदिवस आज असतो. 'दख्खनची राणी' म्हणजे डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. सुरुवातीला सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या आणि त्यात फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. सामान्य माणसाचा तिसरा वर्ग जोडायला १९५५ साल उजाडलं. रोज मुंबईला जाऊन-येऊन करणारे पासधारक दर एक जूनला पुणे स्टेशनवर केक कापून तिचा वाढदिवस साजरा करतात. आत्याला एकदा तो व्हिडिओ दाखवला, तर ती म्हणाली, "गाडीची तारीखसुद्धा कुणीतरी नीट लिहून ठेवली बघ."

ती हसत बोलली, पण मला ते लागलं. त्यावर पुढे बोलूच.

१ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२ मध्ये त्यांनीच काढला. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली आणि १९३६ मध्ये 'संत तुकाराम' आला. प्रभातच्या पुण्यातल्या त्या जागेत पुढे फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली.

गंमत म्हणजे ज्या दिवशी प्रभात जन्मली, त्याच दिवशी, त्याच वर्षी नर्गिस जन्मली. आई जद्दनबाई नामवंत गायिका. मुलगी लहानपणीच पडद्यावर आली आणि 'मदर इंडिया'नं (१९५७) घराघरात पोहोचली.

तुकोबांवरून आणखी एक नाव आठवलं. रवींद्रनाथ टागोरांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ टागोर यांचा जन्म १ जून १८४२ चा. आयसीएसमध्ये निवडले गेलेले ते पहिले भारतीय. त्यांची नोकरी झाली मुंबई इलाख्यात. अहमदाबाद, सातारा अशा ठिकाणी राहताना ते मराठी शिकले आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी यांनी मुंबईत पारशी बायकांची साडी नेसण्याची तऱ्हा पाहिली, तीत आपले बदल केले आणि ती कोलकात्याला नेली. कोलकात्यात राहणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी हा धागा जरूर लक्षात ठेवावा. निऱ्या पुढे आणि पदर खांद्यावर अशी साडी बंगालमध्ये रुळली, त्यामागे मुंबईतला तो मुक्काम आहे.

२ जून : नवं राज्य आणि 'आवारा'चा निरोप

२ जून २०१४ ला तेलंगणा हे देशाचं एकोणतिसावं राज्य झालं. हैदराबादच्या मराठी घरांना हा इतिहास जवळचा आहे. मराठवाड्याचे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. त्या काळी औरंगाबाद-नांदेडच्या मुलांना शिक्षणासाठी, नोकरीसाठी हैदराबाद हेच मोठं शहर. तिथल्या कित्येक मराठी कुटुंबांची मुळं तिकडची आहेत.

याच तारखेला १९८८ मध्ये राज कपूर गेले. दादासाहेब फाळके पुरस्कार घ्यायला ते महिनाभर आधी दिल्लीला गेले होते. समारंभातच त्यांची प्रकृती बिघडली आणि ते रुग्णालयातून परत आले नाहीत. 'आवारा' (१९५१) आणि 'श्री ४२०' (१९५५) या त्यांच्या दोन चित्रपटांचा लेखक याच आठवड्यात जन्मला. त्याच्याबद्दल सात तारखेला.

३ जून : एका घोषणेचा दिवस

३ जून १९४७ ला माउंटबॅटन यांनी फाळणीची योजना जाहीर केली. त्याच दिवशी नेहरू, जिना आणि सरदार बलदेवसिंग आकाशवाणीवरून बोलले. दुसऱ्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत माउंटबॅटन यांनी १५ ऑगस्ट ही सत्तांतराची तारीख सांगितली. आधी ब्रिटिशांनी मुदत दिली होती जून १९४८ पर्यंतची. म्हणजे दोन देशांची वाटणी करायला हाती उरले जेमतेम अडीच महिने. सीमारेषा प्रत्यक्षात जाहीर झाली ती १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर.

उल्हासनगर, इंदूर, दिल्लीतल्या आपल्या सिंधी-पंजाबी शेजाऱ्यांना विचारा. अनेकांचे आजी-आजोबा नेसत्या कपड्यांनिशी आले. घर गेलं, जमीन गेली, तशी कागदपत्रंही गेली. इकडे आल्यावर छावणीत वय विचारलं, तेव्हा सांगितलं तेच पुढे कागदावर राहिलं. आपल्या एक जूनवाल्यांचे भाऊबंदच म्हणायचे.

या दिवसाचे दोन वाढदिवस. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (जन्म १८९०). रंगकाम, शिल्प यांत मुरलेल्या या माणसानं स्वतःचा कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट केला. दामले, फत्तेलाल, शांताराम हे सगळे त्यांच्याच तालमीत तयार झाले आणि तिथून बाहेर पडून त्यांनी प्रभात काढली. शिष्यांच्या कंपनीचा वाढदिवस एक जूनला आणि गुरूंचा तीन जूनला!

दुसरे जॉर्ज फर्नांडिस (जन्म १९३०, मंगळूर). तरुण वयात मुंबईत आले, कामगारांचे पुढारी झाले. ते रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. रोहा ते मंगळूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला. गणपतीला गावी जाणाऱ्या कुणालाही विचारा, त्या आधीची घाटातली रात्र कशी असायची.

४ जून : एक चेहरा, एक आवाज

नूतन यांचा जन्म ४ जून १९३६ चा, मुंबईतला. आई शोभना समर्थ. 'सीमा', 'सुजाता', 'बंदिनी', 'मिलन' आणि 'मैं तुलसी तेरे आंगन की' अशा पाच चित्रपटांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. 'बंदिनी' पुन्हा पाहायचा असेल तर हा दिवस चांगला आहे. फार न बोलता चेहऱ्यावर सगळं दिसणं म्हणजे काय, ते नव्या पिढीलाही समजेल.

एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा जन्म ४ जून १९४६ चा, आंध्रातल्या नेल्लोर भागातला. सहा राष्ट्रीय पुरस्कार आणि तेही चार भाषांतल्या गाण्यांसाठी : तेलुगू, तमिळ, कन्नड, हिंदी. चेन्नई-बेंगळूरुमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांना घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि रिक्षात कन्नड बोलायचा कंटाळा आला, की त्यांना हे नाव सांगावं.

५ जून : झाडं आणि चाळी

स्टॉकहोममधली संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद ५ जून १९७२ ला सुरू झाली. पुढच्या वर्षापासून हा दिवस जागतिक पर्यावरण दिन झाला. शाळेत रोप देतात, फोटो निघतो आणि पुढच्या जूनपर्यंत रोपाचं काय झालं ते कुणाला माहीत नसतं. एक सुचवू? रोप लावाल तेव्हा तारीख आणि लावणाऱ्याचं नाव घरातल्या वहीत लिहा. नाव लिहिलं की पाणी घालायची आठवण राहते.

याच दिवशी १८७९ मध्ये नारायण मल्हार जोशी जन्मले. मूळ गाव आजच्या रायगड जिल्ह्यातलं गोरेगाव. मुंबईच्या लोअर परळमधल्या एन. एम. जोशी मार्गावरून आपण जातो, पण ते कोण, हे फार थोड्यांना माहीत असतं. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले हे शिक्षक. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली. १९२० मध्ये देशातली पहिली मोठी कामगार संघटना, आयटक, उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं चाळीतल्या एका खोलीत दाटीनं राहायची. त्यांच्यापर्यंत अक्षरं पोहोचवायला हा माणूस संध्याकाळी जायचा.

६ जून : तिथीचा सोहळा, तारखेचा सोहळा

या आठवड्यातला सगळ्यात मोठा दिवस. ६ जून १६७४ ला रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. काशीचे गागाभट्ट आले होते. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी गडावर होता आणि त्यानं पाहिलेलं लिहून ठेवलं. महाराजांनी स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला. जिजाऊंनी हा सोहळा डोळ्यांनी पाहिला आणि दोन आठवड्यांच्या आत पाचाडला त्यांनी देह ठेवला.

रायगडावर दरवर्षी दोन सोहळे होतात, एक तारखेनं आणि एक तिथीनं. त्यावरून घरोघरी वाद रंगतात. पण मला या निमित्तानं वेगळीच गोष्ट सांगायची आहे.

महाराजांची जन्मतारीखसुद्धा एके काळी पक्की नव्हती. बखरींतून वेगवेगळ्या तिथ्या यायच्या आणि बराच काळ १६२७ हे साल धरलं जायचं. मग भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे काय? कोणत्या शकात, कोणत्या तिथीला काय घडलं, याची ओळीओळीनं केलेली नोंद. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा होता. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. परमानंदाच्या 'शिवभारता'तूनही तेच निघालं. आज आपण सरकारी शिवजयंती करतो ती याच तारखेला.

म्हणजे बघा, एका देशमुखाच्या घरातल्या कुणीतरी तिथ्या टिपून ठेवल्या, म्हणून जवळपास तीनशे वर्षांनी वाद मिटायला आधार मिळाला.

सहा तारखेचे आणखी दोन वाढदिवस. कन्नडचे थोर कथाकार मास्ती वेंकटेश अय्यंगार यांचा जन्म ६ जून १८९१ चा आणि निधनही ६ जूनचंच, १९८६ मधलं. घरची भाषा तमिळ, लेखन सगळं कन्नडमध्ये. 'चिक्कवीर राजेंद्र' या कादंबरीसाठी त्यांना ज्ञानपीठ मिळालं. घरी मराठी बोलणारे धारवाडचे द. रा. बेंद्रेही कन्नडचे महाकवी झाले. कर्नाटकातल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

आणि सुनील दत्त, जन्म ६ जून १९२९. म्हणजे नर्गिसपेक्षा पाच दिवसांनी लहान! 'मदर इंडिया'त ती आई आणि तो मुलगा, पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. जन्म झेलम जिल्ह्यातला. फाळणीत अठरा वर्षांचा हा मुलगा इकडे आला. १९८७ मध्ये पंजाब पेटलेला असताना त्यांनी शांततेसाठी मुंबई ते अमृतसर पदयात्रा केली, सुमारे दोन हजार किलोमीटर.

७ जून : थंडीतली एक रात्र

७ जून १८९३. दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्झबर्ग स्टेशनवर तेवीस वर्षांच्या मोहनदास गांधींना पहिल्या वर्गाचं तिकीट असूनही डब्यातून उतरवण्यात आलं. तिथे जून म्हणजे कडाक्याची थंडी. ओव्हरकोट सामानात आणि सामान रेल्वेच्या ताब्यात. मागायला गेलो तर पुन्हा अपमान होईल, म्हणून ते कुडकुडत बसून राहिले. परत जावं की हक्कासाठी राहावं, याचा विचार त्या रात्री झाला. आत्मकथेत गांधीजींनी या प्रसंगाची तारीख दिलेली नाही. दरबानला पोहोचल्यावर कितव्या दिवशी निघालो, एवढंच अंदाजानं सांगितलं आहे. तारीख नंतरच्यांनी धरली. अपमान आणि थंडी मात्र त्यांच्या नीट लक्षात होती.

आणि तो राहिलेला लेखक : ख्वाजा अहमद अब्बास, जन्म ७ जून १९१४, पानिपतचे. 'श्री ४२०' त्यांनी लिहिला, 'आवारा' व्ही. पी. साठे यांच्यासोबत. गोवा मुक्तीवरचा 'सात हिंदुस्तानी' (१९६९) त्यांचाच, ज्यात अमिताभ बच्चन पहिल्यांदा पडद्यावर दिसले. पत्रकार म्हणून त्यांचं 'लास्ट पेज' हे साप्ताहिक सदर पन्नासेक वर्षं चाललं. सदर लिहिणाऱ्या आम्हा लोकांना हेवा वाटावा असा विक्रम! १ जून १९८७ ला, त्र्याहत्तरावा वाढदिवस सहा दिवसांवर असताना, ते गेले.

आता पुन्हा आत्याकडे

आत्या स्वतः प्राथमिक शिक्षिका झाली. सरकारी नियम असा, की वय पूर्ण होईल त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच. म्हणून एक जूनवाले सगळे एकतीस मेला निवृत्त होतात. आत्याही २००६ च्या एकतीस मेला नारळ-शाल घेऊन घरी आली.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, "आत्या, तुझा खरा वाढदिवस कधी गं?"

म्हणाली, "आई सांगायची, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. झोके बांधून झाले होते म्हणे."

मी जुनं पंचांग शोधलं. १९४८ ची नागपंचमी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघाली. म्हणजे आत्या तीन महिने आधीच निवृत्त झाली होती! मला राग आला. "त्या मास्तरांनी जरा विचारलं असतं तर?"

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मास्तरांना काय बोलू? मी तरी काय केलं? नवी होते तेव्हा मीही किती पोरांना एक जून लिहिलं. शंभर पोरं ओळीत उभी, वेळ कुणाला होता? एकदा एक बाई म्हणाली, 'बाई, माझी पोर संक्रांतीची आहे हो, तसं लिहा.' तेव्हा मला आई आठवली. त्या दिवसापासून पंचांग शाळेच्या कपाटात ठेवलं. विचारायचं, मोजायचं आणि मग लिहायचं. पण आधीच्यांचं राहिलंच."

आजी मात्र तोवर गेली होती. तिच्या मृत्यूच्या नोंदीत वयाच्या रकान्यात आम्ही 'अंदाजे ८५' लिहिलं. दहा नातवंडांचे जन्म तिला तिथीवारासकट पाठ होते. तिचा स्वतःचा जन्म कधीचा, हे ती असेपर्यंत आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. तिला कदाचित माहीत असेल, तिच्या आईनं एखाद्या सणाचं, एखाद्या पुराचं नाव सांगितलं असेल. आता ते कळायला मार्ग नाही.

आता काळ बदलला आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात दुरुस्ती झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या बाळांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदार यादी, विवाह नोंदणी अशा कामांना जन्मदाखला हाच जन्माच्या तारखेचा पुरावा असेल. तेव्हा घरात नवं बाळ आलं असेल, तर बारशाच्या आधी दाखल्याचं बघा. नाव, आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग, तारीख, सगळं तिथल्या तिथे तपासून घ्या. परगावी, परभाषेच्या राज्यात राहणाऱ्यांनी तर जास्तच. आपली आडनावं तिकडच्या लिपीत कशी लिहिली जातील, सांगता येत नाही!

या आठवड्याचं काम

दर आठवड्याला मी शेवटी एक छोटं काम देते. या वेळचं काम : घरची शकावली.

एक जाड वही घ्या. मोबाईल नको, वहीच घ्या, कारण मोबाईल दर तीन वर्षांनी बदलतो. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. "तुमचा जन्म कधीचा?" असं विचारलंत तर "एक जून" हेच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, "तेव्हा शेतात काय होतं? कुठला सण जवळ होता? पाऊस होता का? तुमच्या आधी कोण जन्मलं, नंतर कोण?" मग सांगितलेलं जसंच्या तसं लिहा. सण आणि साल मिळालं तर जुन्या पंचांगातून तारीख काढता येते. नाही मिळालं तरी 'झोके बांधून झाले होते' एवढंही पुरे आहे.

त्याच वहीत लग्नं, घर बदललेलं साल, गाव सोडून या शहरात आलो तो दिवस, पहिली नोकरी, हेही टिपा. कारीच्या जेध्यांनी टिपलं, तसं.

आत्याचा वाढदिवस आम्ही आता दोनदा करतो. एक जूनला एसटीच्या जुळ्या बहिणीचा आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या आत्याचा. पहिल्याला केक असतो, दुसऱ्याला पुरणाची दिंडं. तिला विचारलं, कुठला आवडतो? म्हणाली, "दिंडं गं. पण केकपण आणत जा."

सगळ्या एक जूनवाल्यांना आणि उत्तरेतल्या एक जुलैवाल्यांना आगाऊ, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! तुमच्या घरच्या शकावलीतली पहिली ओळ काय निघाली, ते जरूर कळवा.

भेटू पुढच्या आठवड्यात, ८ ते १४ जूनच्या पानावर.